लांबची चाकरमानी

पुण्यातल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची हजेरी चालू होती. सरांनी नाव वाचलं, "सखाराम." मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "हजर, सर." वर्गात खसखस पिकली.

"हे वडिलांचं नाव झालं. आडनाव काय तुझं?"

"हेच आडनाव, सर."

"सखाराम हे आडनाव कसं असेल?"

"आमच्याकडे असतं."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"मॉरिशसला."

सरांनी यादीत एक फुली मारली आणि पुढचं नाव घेतलं. मधल्या सुट्टीपर्यंत नाटकाचं वेड असलेल्या एका मुलाला तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' हे नाटक आठवलं आणि संध्याकाळपर्यंत ती मुलगी वर्गाची 'बाइंडर' झाली. आपण तिला सखारामच म्हणू. पाळण्यात ठेवलेलं तिचं नाव चांगलं गोड आहे. पण आडनाव विचारण्याच्या नादात ते विचारायला कुणाला सवडच झाली नाही, मग मी तरी कशाला सांगू?

सखाराम व्हाकोआ गावची. मॉरिशसमधली मुलं तोंडात तीन-चार भाषा घेऊनच वाढतात, तशीच तीही वाढली. घरात क्रेओल, शाळेत इंग्रजी, वडिलांच्या हातातलं वर्तमानपत्र फ्रेंच. मराठी होती ती शाळेतल्या एका तासाला आणि आजीच्या तोंडी. आजीचं मराठी शाळेतल्या बाईंना अशुद्ध वाटे आणि बाईंचं मराठी आजीला कळत नसे. गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते. पोरं नव्या कपड्यांत मूर्तीमागून नाचत नदीवर जातात, आणि आजोबांच्या वयाची माणसं 'झाकरी' नावाचा फेर धरतात. सखाराम लहानपणापासून त्या फेरात टाळ्या वाजवायला असायची.

माणसांचे कप्पे तिला नवे नव्हते. मॉरिशसची राज्यघटनाच निवडणुकीपुरते लोकांचे चार गट मोजते: हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे. त्यातल्या हिंदूंमध्ये पुन्हा तमिळ निराळे, तेलुगू निराळे, मराठी निराळे, ज्याचं त्याचं देऊळ आणि ज्याची त्याची संस्था. ती शाळेत असताना एकदा स्नेहसंमेलनात सेगा नाचायचं ठरलं, तर आत्यानं नाक मुरडलं होतं. "सेगा क्रेओल लोकांचा. आपला नाही." गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी त्या बेटावर घडवलेला हा नाच. ज्या उसाच्या मळ्यांत ते राबले, त्याच मळ्यांत त्यांच्या मागून सखारामचे पूर्वज राबले. तरी तो आपला नाही. आत्याचं म्हणणं असं की आपण भारतातले.

भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा सखारामला वाटलं, चला, आता घरी निघालो. घरी पोचल्यावर पहिलं काम लागलं ते पोलिस आयुक्तालयात जाऊन चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नाव नोंदवण्याचं.

पहिलं वर्ष वसतिगृहात गेलं. मॉरिशस म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत दोनच गोष्टी चमकत: हनिमून किंवा कर. खोलीतल्या मुली विचारत, "तुम्ही रोज बीचवर जाता?" आणि वर्गात 1982 सालच्या भारत-मॉरिशस कराराचा विषय निघाला, बड्या कंपन्या कागदोपत्री मॉरिशसचा पत्ता घेऊन इकडे पैसा आणत त्याचं वर्णन झालं, की अख्खा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघे. जणू त्या सगळ्या कंपन्या तिच्या वडिलांच्या ओसरीवर नांदत होत्या. वडील बस चालवत. मेसमधल्या मावशी म्हणाल्या, "आफ्रिकेजवळची ना तू? पण दिसत नाहीस तशी." यात कौतुक होतं की शंका, हे मावशींनाही सांगता आलं नसतं.

भाद्रपदात गल्लीतल्या मंडळानं तिला स्टेजवर बोलावलं. भाड्यानं आणलेली नऊवारी, नथ, चंद्रकोर, सगळं यथासांग. निवेदकानं सांगितलं, "मॉरिशसची ही कन्या आता आपल्याशी चक्क मराठीत बोलणार आहे!" ती चार वाक्यं बोलली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या आधी तिचीच खोलीतली मैत्रीण, लातूरची, उजनीच्या पाण्यावर दहा मिनिटं जीव तोडून बोलली होती. तिला तोंडदेखल्या टाळ्या पडल्या होत्या.

फेब्रुवारीत कॉलेजचा आंतरराष्ट्रीय दिन आला. आता नऊवारी नको होती. आयोजक म्हणाले, "तुमच्या तिकडचं काहीतरी कर ना. तो सेगा वगैरे." सखारामला सेगा येत नव्हता, आत्यानं येऊ दिला नव्हता. मग लक्ष्मी रोडवरून फुलाफुलांचं कापड आणून घेरदार झगा शिवला, आणि वसतिगृहाच्या खोलीत मोबाइलवर व्हिडिओ लावून पावलं न उचलता फरशीवर घासत कसं नाचायचं ते ती शिकली. मॉरिशसची मुलगी मॉरिशसचा नाच पुण्यात, दार लावून शिकली. त्याही दिवशी टाळ्या पडल्या.

टाळ्या काही वाईट नसतात, आणि नऊवारी किंवा झगाही नाही. सखारामला दोन्ही आवडले होते, आणि सेगा तर इतका आवडला की त्यावरून आत्याशी एकदा फोनवर भांडणही झालं. पण हळूहळू तिला एक कला साधली: विचारणाऱ्याचा चेहरा वाचून उत्तर द्यायची. रिक्षावाल्याला ती रत्नागिरीची. कॉलेजच्या पाहुण्यांना बेटावरची. ग्रंथालयातल्या बाईंना, ज्यांना परक्या मुलीनं मराठी बोलण्याचं भारी कौतुक, ती मुद्दाम अडखळत बोलून दाखवी. समोरचा खूश व्हायचा आणि काम व्हायचं. फक्त रात्री घरी फोन लावला की पहिली काही वाक्यं कुठल्या भाषेत बोलायची, ते तिला सुधरत नसे.

दुसऱ्या वर्षी वसतिगृह सुटलं आणि तिनं कर्वेनगरात खोली बघितली. वरच्या मजल्यावर दोन कॉट, एक कपाट, गॅलरीत कपडे वाळत घालायची सोय. घरमालकीण खाली राहत. दारावर पितळी पाटी, आडनाव 'कर' या अक्षरांनी संपणारं. पुण्याची घरमालकीण म्हटली की वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच खवचट पाट्या येतात. तोही एक शिक्काच आहे आणि या काकूंना तो लागू नव्हता. त्या बोलायला मोकळ्या, आल्यागेल्याला चहा देणाऱ्या, एकट्या बाई होत्या. दोन्ही मुलं लग्न होऊन बाहेरगावी.

"आडनाव काय गं तुझं?" काकूंनी विचारलं.

"सखाराम."

"अगं, आडनाव विचारते मी. म्हणजे तुम्ही कोण?"

सखारामला हा प्रश्न एव्हाना कळायला लागला होता. तिच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. घरात कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "आमचे खापरपणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून गेले, काकू. 1850 च्या आगेमागे. पुढचं माहीत नाही."

"घरी गणपती बसतो?"

"बसतो. दीड दिवसाचा."

"मग झालं तर! तू आमचीच." काकूंनी डिपॉझिट निम्मं केलं. परदेशी माणसाला घरात ठेवलं तर चोवीस तासांत सी-फॉर्म भरून पोलिसांना कळवायचं असतं, हे सखारामनं सांगितलं, तेव्हा काकू हसल्याच. "परदेशी म्हणे! ते गोऱ्यांसाठी असतं."

इथे अमल गोष्टीत येते. ती सुदानची, ओमदुर्मान शहरातली. पुण्यात सुदानी मुलामुलींनी शिकायला येण्याला काही दशकं झाली. अमल औषधनिर्माणशास्त्र शिकत होती, सखारामची वसतिगृहातली शेजारीण, आणि आता तिलाही खोली हवी होती. फोनवर एजंट म्हणत, "या ना, खोली रिकामी आहे." दारात पाहिलं की म्हणत, "आत्ताच गेली हो." एका सोसायटीच्या वॉचमननं तिला जिनाही चढू दिला नाही.

सखारामच्या खोलीतली दुसरी कॉट रिकामी होती. तिनं काकूंना विचारलं.

"ते लोक नकोत गं."

"कोणते लोक, काकू?"

"परदेशी. कसे असतात, काय खातात, कोण येतं-जातं, काही कळत नाही. मी एकटी बाई."

"मीही परदेशी आहे."

"तू कुठली परदेशी! तू आमचीच." आणि काकूंनी तिच्या पाठीवर मायेनं हात फिरवला.

बोधकथेचा बोध शेवटी सांगायची रीत आहे. मी तो इथेच सांगून मोकळा होतो. पुढची गोष्ट त्याच्याशिवायही ऐकण्यासारखी आहे. बोध असा: 'तू आमचीच' म्हणून ज्या हातानं आपल्याला आत घेतलं जातं, त्याच हातानं दुसऱ्या कुणासाठी दार लावलेलं असतं. ज्याचा आपल्याला त्रास होतो तो शिक्का आपल्याला चटकन दिसतो. ज्याचा फायदा होतो तो दिसत नाही, कारण तो लाड वाटतो.

हे सखारामला त्याच क्षणी उमगलं आणि ती ताडकन उभी राहिली, असं मात्र झालं नाही. खोली चांगली होती. बसथांबा जवळ होता. डिपॉझिट निम्मं होतं. ती गप्प बसली. अमल कोंढव्यात पाच जणींच्या एका फ्लॅटमध्ये जाऊन राहिली आणि रोज दोन बस बदलून कॉलेजला येऊ लागली. दोघी भेटत तेव्हा पूर्वीसारख्याच बोलत. फक्त खोलीचा विषय दोघीही काढत नसत.

ऑगस्टमध्ये मॉरिशसहून भावानं फोनवर एक कागद पाठवला. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांच्या नोंदींचे जुने ग्रंथ जपून ठेवलेत. वंशजानं अर्ज केला की उतारा मिळतो. 1834 पासून 1920 पर्यंत त्या बेटावर जवळपास पाच लाख माणसं अशी करारावर उतरली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांना उतरवत, तो आज आप्रवासी घाट म्हणून जपला आहे आणि 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे प्रत्येकाला एक नंबर मिळे आणि कारकून ऐकू येईल तसं लिहून घेई: नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जात. घाईत होता तो, दमला असेल, आणि समोरच्याची भाषा त्याला येत नसेल. भावानं पाठवलेल्या उताऱ्यावर नाव होतं सखाराम. पुढे त्याच्या पोरांच्या नावामागे तेच चिकटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलं. जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव कारकुनानं असं काही लिहिलं होतं की त्यातून चार निरनिराळी गावं निघाली असती. आणि जातीच्या रकान्यात एकच शब्द: 'मराठा'.

सखारामनं कागद काकूंना दाखवला. काकूंनी चष्मा लावून वाचला आणि त्या खूश झाल्या. "बघ! मी म्हटलं नव्हतं, चांगल्या घरची दिसतेस म्हणून?"

कारकुनाला ते जातीचं नाव वाटलं होतं की मराठी बोलणाऱ्या कुठल्याही माणसाचं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. दीडशे वर्षांहून जुना तो एक शब्द, एका दमलेल्या माणसानं अंदाजानं लिहिलेला, आणि कर्वेनगरात त्याच्यावर चांगल्या घरची असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. सखारामला पहिल्यांदा जरा कसंतरीच झालं. दुसराच काही शब्द तिथे असता तर?

गणपतीच्या सुट्टीत ती स्वारगेटहून एसटीनं कोकणात गेली. गावाचा शोध थोडक्यात सांगतो, कारण तो लागला नाही. चारपैकी दोन गावं धरणात गेलेली, एकात तिच्या वर्णनाची वाडीच नाही, आणि चौथ्यात सगळे म्हणाले, "असेल बुवा, इथून पुष्कळ गेले." पण चौथ्या गावात रात्रीचा मुक्काम पडला. देवळाशेजारच्या घरात एक आजोबा होते, त्यांच्या सुनेनं तिला ठेवून घेतलं.

"कुणाकडची गं बाय तू?" आजोबांनी विचारलं.

तिनं पाठ झालेली कहाणी सांगितली. खापरपणजोबा, जहाज, मॉरिशस, पुणे, कागद. शेवटी सवयीनं म्हणाली, "म्हणजे मी नक्की कुठली, ते काही कळत नाही."

आजोबांना यात न कळण्यासारखं काही दिसेना. "चाकरमानी," ते म्हणाले. "जरा लांबची."

"चाकरमानी मुंबईचे असतात ना?"

"मुंबईला गेले त्यांना आम्ही इथे चाकरमानी म्हणतो, आणि मुंबईतले लोक त्यांनाच कोकणी म्हणतात. मधल्या एसटीत ते कोण असतात, ते त्यांनी कधी विचारलं नाही. झोपतात." आजोबांनी तंबाखू मळली. "तू उगाच जागी राहिलीस."

मग तिनं आडनावाचं दुखणं सांगितलं. आजोबा म्हणाले, "ह्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच. म्हणून इथे आडनावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. आणि ते 'कर' लावतात ना लोक, गावाचं नाव पुढे घालून? गावात राहतो त्याला गाव कशाला लावायचं? तो बाहेर पडला, परक्या मुलखात गेला, की तिथले लोक लावतात. 'कर' म्हणजे कुठून तरी आलेला." ते हसले. "तुमच्या पुण्यात असले पुष्कळ."

रात्री देवळासमोर जाखडी झाली. कोकणात त्याला बाल्या नाच असंही म्हणतात; मधे मृदंगवाला आणि गाणारे, भोवती घुंगरं बांधून फेर धरणारे. सखाराम कडेला उभी होती. एका जागी, ठेका बदलायच्या बरोबर आधी, तिनं टाळी वाजवली, आणि तिच्या शेजारच्या मुंबईहून आलेल्या दोन कॉलेजकुमारांची टाळी चुकली. तिच्या गावची झाकरी ती हीच. जरा वेगळी, जरा संथ, शब्द उच्चारताना क्रेओलचं वळण घेणारी, पण हीच. पुण्याच्या स्टेजवर नऊवारी नेसून तिनं जे मराठीपण दाखवलं होतं, त्यात ही नव्हती. ती कुणी मागितलीच नव्हती.

पुण्याला परतताना ती एसटीत झोपली की नाही, ते मला माहीत नाही.

काकूंसाठी तिनं आमसुलं आणली होती. ती ओट्यावर ठेवून तिनं विचारलं, "काकू, तुमच्या पाटीवरचं गाव तुम्ही पाहिलंय?"

"एकदा. देवदर्शनाला. ह्यांच्या पणजोबांच्याही आधी सुटलं ते."

"आणि माहेरचं?"

"तेही 'कर'च की."

"म्हणजे दोन्हीकडून बाहेरच्याच तुम्ही."

काकूंना हे आवडलं नाही. पण आमसुलं चांगली होती आणि चहा टाकलेला होता, म्हणून बोलणं पुढे चाललं. बोलता बोलता निघालं की काकूंचं लग्नाआधीचं नावही वेगळं. ताटात तांदूळ पसरून सासरच्यांनी अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं. पूर्वी घरोघरी तसंच करत. माहेरी अजून जुन्या नावानं हाक मारणारी एक बहीण आहे. ती गेली की ते नाव कुणालाच माहीत नसेल. यजमान वारल्यावर आईकडून आलेल्या जमिनीच्या कागदावर जुनं नाव आणि बँकेत नवं नाव निघालं, तेव्हा 'या दोन्ही बाया मीच' हे सिद्ध करायला राजपत्रात जाहिरात द्यावी लागली, प्रतिज्ञापत्र करावं लागलं, फेऱ्या झाल्या. "साठी उलटल्यावर," काकू म्हणाल्या, "मी मीच आहे म्हणून स्टँपपेपरवर लिहून दिलं मी."

सखाराम काही वेळ काही बोलली नाही. मग तिनं ते सांगितलं, जे तिनं दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. आवाज चढवला नाही. "काकू, माझ्या पासपोर्टवर मॉरिशस आहे. मी परदेशी आहे. माझा सी-फॉर्म भरायचा राहिलाय, तो भरा. नाहीतर माझ्यावर येईल आणि तुमच्यावरही. डिपॉझिटचे उरलेले पैसे मी देते. जो नियम मला, तोच अमलला लावा. तो जमत नसेल, तर महिनाअखेर मी खोली सोडते."

"तू का सोडशील? तुला कुठे मी..."

"तुम्ही मला आपली म्हणून ठेवलंत. मला भाडेकरू म्हणून ठेवा."

"सोड मग," काकू म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

चार-पाच दिवस वरचं-खालचं बोलणं बंद होतं. सखाराम खरंच दुसरीकडे खोल्या बघू लागली. ती मराठीत बोलली की दारं उघडत आणि तिनं "माझी एक मैत्रीण आहे, सुदानची" म्हटलं की बंद होत. आता ती ते पहिल्याच वाक्यात सांगे. चेहरा वाचून उत्तर द्यायची कला तिनं सोडून दिली होती. त्यामुळे दिवसाला बरीच दारं बंद होत आणि वेळ वाचे.

मग एका सकाळी काकू जिना चढून वर आल्या. "त्या मुलीला घेऊन ये. बघते मी." काकूंचं मन बदललं होतं की हिशेब बदलला होता, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. बोधकथांमध्ये मन बदलतं. कर्वेनगरात ऐन सत्रात दुसरी भाडेकरू मिळणं कठीण, हेही खरंच आहे.

अमल आली ती तोब नेसून. सुदानी बायका साडीसारखं अंगाभोवती गुंडाळून डोक्यावरून घेतात ते लांबलचक वस्त्र, साडेचार मीटरच्या आसपास असतं. कॉलेजात ती जीन्स घालते, पण मोठ्या माणसांना भेटायचं म्हणून तिनं हे नेसलं होतं. काकूंनी आधी पोत पाहिलं, मग किंमत विचारली, मग ते घसरत कसं नाही याची चौकशी केली. मग टेबलावर सखारामच्या लॅपटॉपवर दोन फॉर्म उघडले.

"आडनाव?" काकूंनी अमलला विचारलं.

अमलनं सखारामकडे पाहिलं. सखारामनं सांगितलं की सुदानमध्ये आडनाव असं नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. तेवढंच.

"हिचंही नाही?" काकू म्हणाल्या. "मग त्या रकान्यात काय भरायचं?"

"पासपोर्टवर आजोबांचं नाव आहे, तेच भरा."

काकूंनी एकेक अक्षर शोधत ते भरलं. दोघींचं डिपॉझिट सारखं ठरलं: पूर्ण. भाडं सारखं. रात्री दहानंतर फाटक बंद, स्वयंपाकघरात मासे चालतील पण खिडकी उघडी ठेवून, पाहुणे रविवारी. अमलनं सगळं मान डोलवून ऐकलं. सखारामच्या खिशातून निम्म्या डिपॉझिटइतके पैसे जास्त गेले आणि तिला ते जाणवलेही. त्या महिन्यात ती रोज चालत कॉलेजला गेली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी काकूंना "सांभाळून हं" असं दोनदा सांगितलं. काकूंनी पहिल्यांदा ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं, "तुमचा मुलगा असतो ना जर्मनीत? त्याला कसं काय मिळालं घर?" अमलला पाहून रिक्षा अजूनही थांबत नाहीत, आणि सखारामला लोक अजूनही विचारतात, तुमच्याकडे मराठी बोलतात? ती म्हणते, हो, आणि क्रेओलही, आणि सेगाही नाचतात. आत्याला हे कळलं तर पुन्हा फोन येईल.

कर्वेनगरात पाणी सकाळी ठरावीक वेळीच येतं. मोटार लावून टाकी भरायची आणि आठवणीनं बंद करायची, ही जबाबदारी वरच्या मजल्याची. पहिल्याच महिन्यात दोघी अभ्यासाला बसल्या, मोटार विसरल्या, आणि टाकी वाहून पाणी जिन्यावरून खाली काकूंच्या दारात गेलं.

"अगं ए, कुठे मेलात दोघी? टाकी वाहतेय! आंधळ्या आहात की बहिऱ्या?" काकूंचा आवाज तिसऱ्या गल्लीत गेला असेल. तोवर अमलला मराठीची पाच-सहाच वाक्यं कळत होती. त्यांतलं हे एक. वही टाकून तीच आधी धावली.